आर्किटेक्चर शिकून प्रोजेक्ट मॅनेजमेंटकडे वळताना: सोबत काय येतं, काय मागे ठेवावं लागतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष सुरू आहे, डिझाइनपेक्षा काम मार्गी लावण्यात जास्त रस वाटतो, तर प्रोजेक्ट मॅनेजमेंटकडे वळल्यावर इतक्या वर्षांचं शिक्षण कामी येईल का? की इंजिनिअर आणि एमबीए झालेल्यांच्या मागे उभं राहून पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल?

मी स्वतः आर्किटेक्चर शिकले, चार वर्षं डिझाइन ऑफिसमध्ये काढली आणि त्यानंतर वीसेक वर्षं प्रोजेक्ट मॅनेजमेंट करते आहे. बहुतेक कामं इमारतींची होती, त्यातही रुग्णालयं आणि प्रयोगशाळा जास्त. मधली तीन वर्षं मात्र एका सॉफ्टवेअर प्रणालीच्या कामावर गेली. तेव्हा उत्तर अनुभवातून देते: शिक्षण कामी येतं, पण विद्यार्थ्यांना जे कामी येईल असं वाटतं ते फारसं येत नाही. स्केचिंग, थ्रीडी, देखणं प्रेझेंटेशन यांचा फायदा होतो, पण तो पहिल्या सहा महिन्यांपुरता. खरी शिदोरी वेगळीच असते, आणि ती आपल्याकडे आहे हे बऱ्याच जणांच्या लक्षातही आलेलं नसतं. अपुरी माहिती हातात असताना निर्णय घेऊन पुढे सरकायचं, आणि कोणता निर्णय कधी पक्का करायचा हे ओळखायचं, ही ती शिदोरी.

स्टुडिओतला, म्हणजे डिझाइनच्या वर्गातला, पहिला आठवडा आठवा. जागा दिलेली असते, गरजांची एक यादी असते आणि बाकी सगळं धूसर. त्या वेळी तुम्ही १:५०० वर, म्हणजे खऱ्या मापाच्या पाचशेपट लहान नकाशावर, काम करता: इमारत जागेवर कुठे बसेल, प्रवेश कुठून, ऊन आणि वारा कुठून. त्या कागदावर दाराची कडी कुठली असावी यावर कोणी वाद घालत नाही, कारण त्या स्केलला दारच दिसत नाही. मग १:२००, १:५०, आणि शेवटी १:५ चे डिटेल्स. प्रत्येक स्केलवर काही प्रश्न मिटतात आणि काही मुद्दाम उघडे ठेवले जातात. प्रकल्पांची टप्पेवारी म्हणतात ती हीच. ब्रिटनमधल्या आर्किटेक्टांच्या संस्थेने, म्हणजे रीबाने, १९६३ साली कामाच्या टप्प्यांचा आराखडा पहिल्यांदा मांडला. त्याची आजची आवृत्ती ० ते ७ अशा आठ टप्प्यांची आहे, आणि मुळाशी तीच कल्पना आहे: या टप्प्यावर एवढं ठरलं पाहिजे, त्यापुढचं आत्ता ठरवायचं नाही.

सॉफ्टवेअरच्या त्या कामावर मी नवखी होते. पहिल्या दोन बैठका मी नुसती ऐकत बसले. दहा-बारा माणसं अहवालात कोणता रकाना आधी असावा यावर तावातावाने बोलत होती, आणि सगळ्या शाखांची माहिती एकाच ठिकाणी साठवायची की प्रत्येक शाखेची वेगळी, हे अजून कोणीच ठरवलेलं नव्हतं. तिसऱ्या बैठकीत न राहवून मी म्हटलं, "आपण १:५ वर भांडतोय आणि १:५०० चा कागद अजून कोराच आहे." आधी स्केल म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. नंतर मात्र ते वाक्य टीममध्ये रुळलं. कोणी तपशिलात अडकलं की दुसरं कोणीतरी म्हणायचं, "स्केल चुकलं." त्या कामात मला कोडची एक ओळ लिहिता येत नव्हती, तरी मला तिथे टिकवलं ते याच सवयीने.

हा प्रकार फक्त माझ्या नशिबाचा नाही. हॉर्स्ट रिटेल आणि मेल्व्हिन वेबर या बर्कलीच्या दोन प्राध्यापकांनी १९७३ साली एका लेखात काही प्रश्नांना 'विकेड प्रॉब्लेम' म्हटलं. म्हणजे असे प्रश्न, की उत्तर शोधायला लागल्याशिवाय प्रश्न नेमका काय आहे तेच कळत नाही. रिटेल डिझाइन शिकवायचे आणि वेबर नगररचना. आज धोरणं ठरवणारे आणि सॉफ्टवेअरवाले सर्रास वापरतात तो हा शब्द आपल्याच शेजारच्या वर्गातून गेलेला आहे. ज्यांचं सगळं शिक्षण एकच बरोबर उत्तर असलेल्या गणितांवर झालेलं असतं, अशी हुशार माणसं या प्रश्नांपुढे गोठलेली मी पाहिली आहेत. माहिती पूर्ण मिळाल्याशिवाय ते हलत नाहीत, आणि माहिती पूर्ण कधीच मिळत नाही. तुम्ही निदान दहा डिझाइन प्रॉब्लेम, म्हणजे स्टुडिओत दिलेली कामं, अशा धुक्यात सुरू करून संपवलेले असतात.

दुसरी गोष्ट सेक्शनची, म्हणजे इमारत उभी कापल्यावर आत काय दिसतं ते दाखवणाऱ्या ड्रॉइंगची. माझ्या मते आर्किटेक्चरच्या शिक्षणातला सगळ्यात किमती कागद सेक्शन हाच. प्लॅनमध्ये, म्हणजे वरून पाहिलेल्या नकाशात, सगळं नीट बसतं. भांडण लागतं ते सेक्शनमध्ये.

रुग्णालयाच्या एका मजल्याचं उदाहरण घ्या. मजल्याची उंची ३९०० मिलिमीटर. स्लॅबसकट बीम ६५०. फॉल्स सीलिंग २७०० वर हवं. मग बीमखाली आणि सीलिंगच्या वर उरले ५५० मिलिमीटर. एसीची डक्ट इन्सुलेशनसकट ४००, सीलिंगचा सांगाडा आणि दिवे यांना १२०. शिल्लक ३०. आता वरच्या मजल्यावरच्या टॉयलेटचा ११० मिलिमीटरचा ड्रेनेज पाइप आणा. त्याला १:१०० उतार हवा, म्हणजे १२ मीटर लांबीत तो १२० मिलिमीटर खाली येणार. पाइपची जाडी आणि उतार मिळून २३० लागतात आणि हातात आहेत ३०. डक्टवाला म्हणतो मी आधी आलो. इलेक्ट्रिकलवाल्याला केबल ट्रे सरळच न्यायचा असतो. स्प्रिंकलरवाला अजून बैठकीला आलेलाच नसतो.

अशा बैठकीत आर्किटेक्चर शिकलेला माणूस आपोआप एक क्रम लावतो: आधी ज्याला वाकता येत नाही त्याला जागा. सांडपाणी उतारानेच जाणार, त्याच्याशी वाटाघाटी होत नाहीत. म्हणून पाइपचा मार्ग डक्टच्या बाहेरून शाफ्टकडे, म्हणजे पाइप उभे नेणाऱ्या पोकळीकडे, पहिल्यांदा ठरतो. मग डक्ट, कारण ती आकाराने मोठी असली तरी रुंद आणि चपटी करता येते. शेवटी केबल, कारण ती कुठूनही वळते. वेळापत्रकालाही हाच विचार लागतो. क्रिटिकल पाथची पद्धत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी रासायनिक कारखान्यांच्या कामांसाठी तयार केली. तिचं सार हेच, की कोणत्या कामाला सरकायला जागा आहे आणि कोणत्याला अजिबात नाही. ज्याला फ्लोट, म्हणजे सरकायला जागा, नाही तो तुमचा ड्रेनेज पाइप. हे मला कोणी शिकवलं नाही. शेड्यूलिंगचा कोर्स करताना तिसऱ्या दिवशी माझं मलाच उमगलं, आणि उरलेला कोर्स फार सोपा गेला.

ज्युरीबद्दल, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडण्याबद्दल, थोडक्यात. भरल्या वर्गासमोर स्वतःच्या कामाची चिरफाड ऐकून घेण्याची सवय पुढे क्लायंटच्या बैठकीत कामी येते, हे खरंच आहे. पण ज्युरी आणखी एक घातक सवय लावते, ती म्हणजे बचाव करण्याची. प्रोजेक्ट मॅनेजरने आपल्या योजनेचा बचाव करायचा नसतो, समोरच्याच्या आक्षेपाखाली काय दडलंय ते बाहेर काढायचं असतं. "ही लॉबी मला आवडली नाही" म्हणणाऱ्या क्लायंटला बहुतेक वेळा लॉबीशी काही देणंघेणं नसतं. त्याला खर्चाची धास्ती वाटत असते आणि तसं बोलून दाखवायला जड जातं.

आता एक मोठं उदाहरण, कारण त्यात आपल्या शिक्षणाचं बळ आणि दुबळेपणा दोन्ही एकाच इमारतीत दिसतात. सिडनी ऑपेरा हाऊस. १९५७ साली स्पर्धेत यॉर्न उट्झन यांचं डिझाइन निवडलं गेलं. अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा आणि पूर्ण करायचं ठरलं १९६३ च्या जानेवारीत. इमारत उघडली ऑक्टोबर १९७३ मध्ये, आणि खर्च झाला १० कोटी २० लाख डॉलर. राजकीय पाठिंबा ओसरण्याआधी काम सुरू दिसावं म्हणून सरकारने घाई केली आणि १९५९ च्या मार्चमध्ये पायथ्याच्या पोडियमचं काम सुरू झालं. त्या दिवशी छताची भूमितीच ठरलेली नव्हती. पुढे छताचं वजन पेलणार नाही असं दिसल्यावर पोडियममधले आधीच बांधलेले खांब पुन्हा बांधावे लागले. म्हणजे १:५०० चा कागद कोरा आणि साइटवर १:५ सुरू.

पण त्याच प्रकल्पातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. छताचे शिंपले, म्हणजे शिंपल्यासारखे वक्र भाग, प्रत्येकी वेगळ्या वक्राचे होते, त्यामुळे प्रत्येक बरगडीला वेगळा साचा लागला असता. १९६१ च्या सुमारास तोडगा निघाला: सगळे शिंपले एकाच गोलाचे तुकडे मानायचे. वक्रता सगळीकडे सारखी झाली, त्यामुळे तेच साचे पुन्हा पुन्हा वापरून बरगड्यांचे भाग आधीच ओतून ठेवता येऊ लागले. आकारासाठी घेतलेला हा निर्णय बांधकामाचाही निर्णय होता. वेळापत्रकाचा गुंता भूमितीने सोडवला, आणि हे नुसत्या तक्त्यांत वाढलेल्या मॅनेजरला सुचणं अवघड आहे. उट्झन यांनी १९६६ च्या फेब्रुवारीत काम सोडलं आणि उरलेलं काम दुसऱ्यांनी पुरं केलं. मी हे उदाहरण नव्या मुलांना सांगते तेव्हा विचारते, खांब कोणी थांबवायला हवे होते? बहुतेक जण आर्किटेक्टचं नाव घेतात. पण त्या खुर्चीवर बसून "छत ठरेपर्यंत पायथा सुरू करता येणार नाही" असं सरकारला तोंडावर सांगणं, हे काम प्रोजेक्ट मॅनेजरचं. तुम्ही ज्या नोकरीकडे निघाला आहात ती ही.

आता उणी बाजू. ती मोठी आहे, आणि कॉलेजात कोणी धड सांगत नाही.

पहिली गोष्ट, वेळेबद्दल आपल्याला चुकीचं शिकवलं जातं. सबमिशनच्या आदल्या तीन रात्री जागून काढल्या की काम होतं, हे आपल्या हाडात भिनलेलं असतं. तिथे काम तुमचं एकट्याचं असतं, म्हणून ते जमतं. साइटवर काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजायची ठरलेली आहे, लिफ्ट कारखान्यातून यायला काही महिने लागतात, आणि दोन्ही तुमच्या जागरणाला दाद देत नाहीत. शेवटच्या आठवड्यात जोर लावून भरून काढता येईल असं प्रोजेक्टमध्ये जवळजवळ काहीच नसतं.

दुसरी गोष्ट मी स्वतः ठेच खाऊन शिकले. मॅनेजर म्हणून पहिल्याच वर्षी एका जिन्याचं ड्रॉइंग चुकीचं आलं, लँडिंगखाली डोक्याला जागा कमी पडत होती. सल्लागाराकडून सुधारून यायला आठवडा गेला असता. मला येत होतं, म्हणून रात्री बसून मीच दुरुस्त केलं आणि सकाळी साइटवर दिलं. जिना नीट झाला. पण त्या बदलामुळे शेजारच्या भिंतीतलं दार सरकलं, कॉन्ट्रॅक्टरने जादा कामाचं बिल लावलं, आणि सल्लागार शांतपणे म्हणाला, "ते ड्रॉइंग आमचं नाही." बरोबरच होतं त्याचं. ज्या क्षणी मी पेन्सिल उचलली त्या क्षणी चुकीची जबाबदारी त्याच्या टेबलावरून माझ्या टेबलावर आली. आर्किटेक्टला हात शिवशिवण्याचा आजार असतो. मॅनेजरने काम करून घ्यायचं असतं, आणि कोणाकडून करून घेतलं याची नोंद ठेवायची असते.

नोंद हा शब्द किरकोळ वाटत असेल तर कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलचं पाहा. १७ जुलै १९८१ रोजी तिथले लॉबीवर टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ रचनेत दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरचे पूल छतापासून खालपर्यंत जाणाऱ्या एकाच अखंड सळईला टांगायचे होते. पण चौथ्या मजल्याच्या पातळीवर नट बसवायचा तर खालपासून तिथपर्यंतच्या सगळ्या लांबीवर आटे पाडावे लागले असते. म्हणून सोयीसाठी एका सळईच्या दोन केल्या गेल्या: एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, दुसरी चौथ्यापासून दुसऱ्यापर्यंत. कागदावर किरकोळ बदल. पण आता खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला लटकत होता आणि त्या तुळईखालच्या नटावर दुप्पट भार आला. तो बदल ड्रॉइंगमध्ये होता, मंजूरही झाला होता, फक्त त्याचं गणित कोणी पुन्हा मांडलं नव्हतं. मूळचा जोडही पुरेसा मजबूत नव्हता, हे चौकशीत पुढे आलं. बदल छोटा की मोठा हे ड्रॉइंगवरच्या रेघेच्या लांबीवरून कळत नाही. 'कोणी सुचवलं, कोणी तपासलं, कशावर परिणाम होतो' हे तीन रकाने भरल्याशिवाय माझ्या प्रोजेक्टवर बदल पुढे जात नाही. लोक मला त्यावरून कंटाळवाणी म्हणतात.

तिसरी गोष्ट पैसा आणि करार. डिझाइन प्रॉब्लेमला बजेट नसतं, असलं तरी कोणी मोजत नाही. इथे इंजिनिअर आणि कॉस्टिंगवाले तुमच्या पुढे असतात, हे मान्य करून टाका. करार वाचायला मात्र कोणीच पुढे नसतं, त्यामुळे तिथे लवकर पुढे जाता येतं.

आणि चौथी गोष्ट, डिझाइनवरचं प्रेम. खर्च कमी करायची वेळ आली की सगळ्यात सुंदर गोष्ट पहिली कापली जाते, आणि ती कापायची शिफारस तुमच्या सहीने जाते. काही जणांना हे सहन होत नाही. अशांनी वळू नये, खरंच. मला पहिली दोन वर्षं त्रास झाला. पुढे वेगळा फायदा दिसला: काय कापलं तर इमारत मरते आणि काय कापलं तर नुसती साधी होते, हा फरक टेबलाभोवती फक्त मला कळत होता. एका कामात दगडी आच्छादन जाऊ दिलं आणि मधला उजेडाचा चौक वाचवला. नुसती आकड्यांची यादी पाहणाऱ्याने नेमकं उलटं केलं असतं, कारण चौक कमी केला की जास्त पैसे वाचत होते.

कोणत्या बाजूने शिरायचं? क्लायंटच्या बाजूने, सल्लागार कंपनीतून किंवा कॉन्ट्रॅक्टरकडून असे तीन रस्ते आहेत. माझा कल कॉन्ट्रॅक्टरकडे पहिली दीड-दोन वर्षं काढण्याकडे आहे. तिथे कामाचा खरा वेग कळतो, आणि आपली देखणी ड्रॉइंग समोरच्याला किती अपुरी वाटतात तेही कळतं. बांधकामाच्या बाहेर जायचं असेल तर ते यानंतर करा. आधी एखादं काम सुरुवातीपासून ताबा देईपर्यंत पाहिलेलं असलं की बाहेरचे लोक ऐकतात.

आत्ता, शेवटचं वर्ष चालू असताना, दोनच गोष्टी करा. स्वतःच्या थीसिसमधल्या एका मजल्याचं क्वांटिटी टेक-ऑफ, म्हणजे ड्रॉइंगवरून सामानाची मोजणी, हाताने करा, सॉफ्टवेअरने नव्हे: विटा, काँक्रीट, प्लास्टर, दारं, सगळं. दोन दिवस जातील, आणि आपण काढलेली प्रत्येक रेघ कोणीतरी मोजतं हे डोक्यात बसेल. दुसरं, नोकरी लागल्या दिवसापासून स्वतःची वही ठेवा: कोणतं काम, किती महिने, त्यात तुम्ही स्वतः काय चालवलंत. पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसायला चार वर्षांच्या पदवीवाल्याला प्रकल्प चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. तीन वर्षांनी ते महिने आठवून लिहिताना भल्याभल्यांची तारांबळ उडते. परीक्षा मात्र पहिल्याच वर्षी देण्याच्या भानगडीत पडू नका.

मुलाखतीला पोर्टफोलिओ न्या, पण त्यात रेंडर, म्हणजे संगणकावरची देखणी चित्रं, कमी ठेवा. एकाच प्रोजेक्टची तीन रिव्हिजन शेजारी शेजारी लावा आणि खाली लिहा: पहिल्यात काय होतं, कोणाच्या म्हणण्यावरून बदललं, बदलामुळे दुसरं काय हललं. मी मुलाखत घेते तेव्हा तेच पान शोधते. गेल्या खेपेला एका मुलीने तिसऱ्या रिव्हिजनखाली लिहिलं होतं, "हा बदल चुकला, पण कळेपर्यंत जिना ठरून गेला होता." पुढची चाळीस मिनिटं आम्ही फक्त त्या जिन्याबद्दल बोललो, आणि ती आज माझ्या टीममध्ये आहे.